अद्वैतचा बडग्या

१ जून, रविवार. दुपार

आजपासून रोजनिशी. कोणी वाचायची नाई. जो वाचेल त्याचं नाव बी लिस्टमंधी टाकीन.

लिस्ट म्हणजे बदल्याची लिस्ट. वहीच्या मागच्या पानावर आहे. कालपर्यंत सहा नावं होती. आज सातवं आलं अन सीधा एक नंबरवर गेलं. अद्वैत. समोरच्या ब्लॉकमधला.

झालं असं. मायनं मले महाराष्ट्र मंडळाच्या ड्रॉइंग क्लासले पाठवलं. म्हणे घरात बसून बसून गादीले खड्डा पडला. विष्णु सर दर रविवारी शिकवते. आज म्हणे पेस्टल सुरू करू. टेबलावर मटका ठेवला, दोन आंबे ठेवले अन सांगतलं, हे स्टिल लाइफ. मी मागच्या कोपऱ्यात चुपचाप बसलो होतो. तर अद्वैत म्हणते, "सर, याला पण ठेवा मटक्याशेजारी. हाच खरा स्टिल लाइफ."

पूरा क्लास हासला. भूमिका सगळ्यात जास्त. ती बाजूच्या क्वार्टरमधली, छत्तीसगढी पोरगी, मराठी अर्धीच समजते. पण हासायपुरती पूरी समजली. सर बी मिशीत हासले. आठवं अन नववं नाव.

घरी येऊन अर्थ लावला. स्टिल म्हणजे अजून. लाइफ म्हणजे जीव. अजून जीव आहे. मतलब मी मरायले टेकलो, फक्त गेलो नाई.

ठरलं. बदला घेईन. पेस्टलनंच घेईन.

२ जून

एका दिवसात "स्टिल लाइफ" हे नाव कॉलनीभर. सकाळी भाजीवाली मैनाबाई मायले म्हणे, "कमला, तोर बेटा इस्टील म लग गे का?" भिलाईत स्टिल म्हटलं की लोकाइले प्लांटच दिसते. माय पळत आत आली. प्लांटच्या कोणत्या शॉपमंधी लागला, मले कावून नाई सांगतलं. मी सांगायले तोंड उघडतो तवर तिनं देवापुढं साखर ठेवली. कोक ओव्हनची ड्यूटी करून आलेल्या बाबूजीले झोपेतून उठवलं. बाबूजी म्हणे, याले शेजारचे ओळखत नाई, प्लांट काय ओळखते. अन कूस बदलली.

साखर मीच खाल्ली. बदल्याले ताकद लागते.

३ जून

लोकं म्हणते मी शाळेतून पळालो. चूक. रेकॉर्डसाठी लिवून ठेवतो. मी रोज जात होतो. सर हाजरी घेत, मी "यस सर" म्हणत होतो. जोरात. पण आतल्या आत. त्याइले ऐकू नाई गेलं तर माही गलती? वर्षाच्या शेवटी हाजरी भरली नाई. दहावीले बसू नाई दिलं. मंग मीच शाळा सोडली. शाळा लिस्टमंधी दोन नंबरवर आहे. अद्वैत झाला की शाळा.

माह्यं नाव अमरदीप आहे. अमरदीप कापगते. इथं लिवतो कावून की घराबाहेर कोणी घेत नाई. बदला पूरा झाला की पूरी कॉलनी नावानं हाक मारेल. चित्राखाली मोठ्ठं नाव टाकीन, रोडवरून वाचता आलं पाहिजे.

४ जून

पावर हाउसच्या बाजारात गेलो. दुकानदाराले म्हटलं पेस्टल. त्यानं पेन्सिल दिली. परत म्हटलं. त्यानं स्टेपलच्या पिना दिल्या. मंग मी बोटानं दाखवलं. पंचवीस रंगाचा डब्बा. दुकानदाराचं नाव माहीत नाई म्हणून लिस्टमंधी "चष्मा" लिवलं.

८ जून, रविवार

सरनं डब्बा पायला. म्हणे हे ऑइल पेस्टल आहे बाळ, आपल्याला सॉफ्ट पाहिजे. त्यात काय. सॉफ्ट करू.

अद्वैतनं मधात मान वळवून विचारलं, पिवळा आहे का तुझ्याकडे. दुश्मनाले पिवळा? मी अशी नजर टाकली की तो जागीच जळाला असता. नजर खाली फरशीवर होती, पण टाकली त्याच्याचवर.

सरनं हाजरी घेतली. मी हो म्हटलं. सरनं ॲबसेंट मांडली.

९ जून

डब्बा ढाब्यावर, म्हणजे घराच्या छतावर ठेवला, ताटलीत, सकाळी दहापासून. आजचं ऊन अंड्याचं आमलेट करेल असं. संध्याकाळपर्यंत सगळे पेस्टल सॉफ्ट होतील. अद्वैतले हे माहीत बी नसेल. तो विकत घेते. मी घरी बनवतो.

१० जून

पंचवीस रंगाचा एकच रंग झाला. म्हशीचा.

बाजूले मायच्या वड्या वाळत होत्या. त्या बी तशाच झाल्या. मायनं मले काय काय म्हटलं ते लिवत नाई. तिचं नाव लिस्टमंधी टाकलं होतं, पण रात्रीच्या जेवणात भरीत केलं म्हणून खोडलं.

१५ जून, रविवार

सरनं समजावलं. सॉफ्ट पेस्टल येगळीच जात असते. खडूसारखी, भुसभुशीत. कागदाले लावायची अन बोटानं पसरवायची. ते बी उन्हात नाई ठेवायची. हे पयल्याच दिवशी सांगाले काय झालतं.

येताना भूमिका म्हणे, उस दिन बुरा मान गए क्या. ती स्वताच अर्थ सांगाले लागली. "स्टिल लाइफ मतलब फल, बोतल, मटका. जो हिले नहीं. जिसमें जान ना हो."

म्हणजे "अजून जीव आहे" असं नाई. जीवच नाई.

बदला डबल.

१८ जून

चिठ्ठी लिवून नेली. "सॉफ्ट पेस्टल, एक डब्बा." चष्म्यानं वाचली, दिला. मले विचारलं, गूंगा है क्या बेटा. डब्बा घेतला अन त्याच्या नावापुढं फुली मारली.

घरी येऊन लावून पायलं. हात लावला की रंग बोटाले येते. नाकाले येते. उशीले येते. कागदालेच येत नाई. वहीचा चिकना कागद आहे ना. पण रंग भारी आहेत. निळा तर असा आहे की पायतच रहावं. बदल्यासाठी जास्तच चांगला आहे.

२२ जून, रविवार

दुश्मनाचा अभ्यास सुरू. मी मुद्दाम त्याच्या मागं तिरपा बसतो. आजचे पॉइंट:

डावी भुवई मधात कटलेली आहे. तिथं केस नाई.
चित्र काढताना जीभ डाव्या कोपऱ्यातून बाहेर येते.
कान मोठे.
नख खाते. जेव्हा चित्र जमत नाई तेव्हा अंगठ्याचं.

कोणी म्हणेल मी त्याच्याकडं पायतच राहतो. हो, पायतो. शिकारी बी पायते.

हाजरी ॲबसेंट.

२९ जून

आयडिया आली. मथुरा मामानं दिली, त्याइले माहीत नाई.

मथुरा मामा आमच्या लाइनच्या शेवटच्या क्वार्टरमधले. माह्ये सख्खे मामा नाई, पूऱ्या लाइनचे मामा आहे. गोंदियाकडचे. रेल मिलमधून रिटायर झाले. दर साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते मारबत काढते. बांबू, धानाचं तनस अन जुन्या लुगड्याची बाई बनवायची, पूऱ्या लाइनीतून फिरवायची, ओरडायचं, "इडा पिडा, खासी खोकला घेऊन जाय री मारबत", अन नाल्यापाशी नेऊन जाळून टाकायची. तिच्यासंगं एक बडग्या असते. बडग्या म्हणजे ज्याच्यावर राग आहे त्याचा पुतळा. गळ्यात फाटक्या चपलांचा हार. मागच्या साली डेंग्यूचा मच्छर होता. त्याच्या आदल्या साली नळाले पाणी न येणं होतं, ते कोणाले समजलंच नाई.

आज मामा बाबूजीले म्हणे, यंदाच्या बडग्याले तोंड कोणाचं देऊ, सुचून नाई राहिलं.

मले सुचलं.

३० जून

प्लॅन पक्का. अद्वैतचं तोंड काढायचं, त्याले गधड्याचे कान लावायचे, बडग्याले चिपकवायचं. चपलांचा हार. अन मी सगळ्यासमोर ओरडणार, "अद्वैतले घेऊन जाय री मारबत." मंग नाल्यापाशी भडका.

त्याच्या घरी हे काही समजणार नाई, हे अजून मजेदार. ते दुर्गच्या जुन्या मराठी लोकांपैकी. शुद्ध बोलते. पोळ्याले बाजारातून लाकडाचा बैल आणून त्याले हळदकुंकू लावते अन झालं.

तयारीले आठ हप्ते. पेस्टल एका हप्त्यात शिकून टाकीन.

६ जुलै, रविवार

सर म्हणे पेस्टलले खरबडा कागद पाहिजे, दाण्यादाण्याचा, मंग रंग पकडते. अद्वैतजवळ तसा आहे. त्यानं एक ताव मधून फाडून अर्धा माह्याकडं सरकवला. सरळ सरळ दाखवून देणं आहे की तुह्याजवळ नाई. मी तिथंच सोडून आलो.

खरबडा कागद घरी आहे. बाबूजीचा रेगमाल. कपाट घासायसाठी आणलेला. सगळ्यात मोठा ताव घेतला अन पुठ्ठ्यावर चिपकवला.

८ जुलै

रेगमाल एक नंबर. रंग असा धरते की सोडत नाई.

चमडी बी धरते. बोटानं पसरवायले गेलो, तीन बोटं सोलली. गालावर जो लाल आहे त्यातला काही पेस्टल नाई.

१३ जुलै, रविवार

सर म्हणे चेहऱ्याच्या सावलीत काळा वापरू नका, काळ्यानं तोंड मरते. निळा वापरा, जांभळा वापरा. पयले गडद, मंग हलका.

अद्वैतनं फूक मारून चित्रावरचा भुसा उडवला, पूरा माह्या तोंडावर. त्यानं सॉरी म्हटलं. हासत म्हटलं. लिस्टमंधी त्याच्या नावापुढं आता सतरा फुल्या आहे.

१९ जुलै

चौथ्यांदा पुसलं. पयल्या वेळी तो मथुरा मामासारखा दिसला. दुसऱ्या वेळी बटाट्यासारखा. तिसऱ्या वेळी मायनं पायलं अन म्हणे, कोण बिमार आहे. मी सांगतलं नाई.

बाबूजी रेगमाल शोधून राहिले. म्हणे पोळ्यानंतर रसमड्यात एका फॅक्टरीत तुले चिपकवतो, ओळखीचा ठेकेदार आहे. मी मान हलवली. बाबूजीले वाटलं हो म्हटलं. मी नाई म्हटलं होतं.

२३ जुलै

आज डोळा जमला. एकच. पण असा जमला की मी पुठ्ठा उलटा करून ठेवला, कावून की तो माह्याकडं पायत होता.

२७ जुलै, रविवार

खबर. अद्वैतची खैरागडच्या आर्ट कॉलेजमंधी ॲडमिशन झाली. अकरा ऑगस्टले जाणार, होस्टेलमंधी राहणार. सरनं पेढे वाटले. पूरा क्लास टाळ्या वाजवून राहिला. मी बी वाजवल्या, पण आवाज नाई केला.

म्हणजे मारबतीच्या दिवशी तो इथं नसणार. पळून चालला. त्याले कुठून तरी हवा लागली असेल.

पण काही फरक नाई पडत. फोटो पोचते. कॉलनीच्या ग्रुपवर बारा वाजायच्या आत.

३ ऑगस्ट, रविवार

अद्वैतचा क्लासमंधी शेवटचा रविवार. शेवटचा चान्स म्हणून मी दोन घंटे फक्त त्याचं नाक पायलं. सरनं विचारलं, तू काहीच काढलं नाहीस आज? मी मनात म्हटलं, काढून राहिलो सर, तुमाले दिसून नाई राहिलं.

जाताना तो प्रत्येकाले हात मिळवत होता. माह्यापाशी येईपर्यंत मी चपला घालून बाहेर. दुश्मनासंगं हात मिळवत नसते.

७ ऑगस्ट

दुसरा डोळा. कटलेली भुवई. जीभ काढली नाई, बडग्याले जीभ शोभत नाई. नाकाखाली, हनुवटीखाली निळी सावली. सर म्हणे निळा वापरा, तर मी वापरला. पूरा तुकडा संपला.

बाथरूममंधी ओरडायची प्रॅक्टिस सुरू. "अद्वैतले घेऊन जाय री मारबत." मायनं दारातून टॉवेल दिला.

११ ऑगस्ट

सकाळी ऑटो आला. मी ढाब्यावर होतो, वाळलेले कपडे काढायच्या बहाण्यानं. सगळ्या कपड्यावर नेहमीसारखी प्लांटची लाल धूळ. अद्वैतनं पेटी ठेवली, मोठं ड्रॉइंग बोर्ड ठेवलं. मधुवंती काकू, त्याची आई, त्याच्या शर्टाची कॉलर सरळ करत होत्या. ती आधीच सरळ होती. ऑटो गेल्यावर बी काकू गेटपाशी उभ्याच.

बरं झालं. गेला.

संध्याकाळी चित्र काढायले बसलो तर लक्षात आलं, डाव्या कानाची वाटी कशी आहे ते पायलंच नाई. आता कोणाले विचारू. लेकाचा ऐन टायमाले गेला. काम अडकलं.

१७ ऑगस्ट, रविवार

डाव्या कानाचा विषय संपवला. दोन्ही कानाच्या जागी गधड्याचे लावले. लांब, करडे, आत गुलाबी. त्याच्याशिवाय बी चित्र पूरं होते, हे सिद्ध केलं.

क्लासले गेलो होतो. समोरची खुर्ची खाली होती. बोर झालं. मतलब अभ्यासाले कोणी नव्हतं.

१९ ऑगस्ट

सर म्हणाले होते, पेस्टल पक्का करायचा तर वरून स्प्रे मारावा लागते. घरी स्प्रे एकच. मच्छर मारायचा. मारला. स्प्रे तो स्प्रे.

गालावर बारीक तेलकट डाग पडले. पण अद्वैतले मुरुमं आहेतच. उलटं जास्त खरं वाटते. बघा, नशीब बी माह्या बाजूनं आहे.

नाव टाकायचं राहिलं. मारबतीच्या दिवशी टाकीन, सगळे पायत असताना.

२० ऑगस्ट

मथुरा मामाच्या दारातून चिठ्ठी सरकवली. "बडग्याचं तोंड मी देतो. क्वार्टर नं. ४." मामा संध्याकाळी आले. पुठ्ठा पायला. खूप वेळ पायला. म्हणे, हा तर समोरच्या ब्लॉकमधल्या पुरोहिताचा पोरगा. मी मान हलवली. म्हणे, त्यानं काय केलं बे तुह्यं? मी वहीचं मागचं पान दाखवणार होतो, पण दाखवलं नाई. मामा म्हणे, कान चांगले काढले. अन घेऊन गेले.

२२ ऑगस्ट, पोळा

मायनं पुरणपोळ्या केल्या. चार खाल्ल्या. उद्या आवाज लागेल.

२३ ऑगस्ट, शनिवार. दुपार

जसं झालं तसं लिवतो.

सकाळी सहाले मारबत तयार. मायच्याच जुन्या लुगड्यात. बाजूले बडग्या, बांबूवर, मामाचा जुना प्लांटचा ड्रेस घातलेला, वर माह्यं चित्र. दहा बारा पोट्टे, काही बाया, भूमिका बी. भूमिकानं चित्र पायलं अन हासली नाई. म्हणे, "ये तो अद्वैत है. एकदम अद्वैत है." नेताना कोणाचा तरी हात घासला म्हणून कान पसरले होते. करडे, गुलाबी, वरपर्यंत. मी ठीक करायले जाणार तेवढ्यात मामा चपलांचा हार आणायले घरात गेले.

अन इकडून मधुवंती काकू आल्या. फुलं तोडायले निघाल्या होत्या. हातात परडी.

थांबल्या. चित्रापुढं उभ्या राहिल्या. मले वाटलं आता बोंबलतील. मी तोंड उघडलं. हाच टाइम होता. "अद्वैतले" एवढं गळ्यापर्यंत आलं बी होतं.

काकूनं विचारलं, हे काय आहे. कोणी तरी पोट्टा म्हणे, बडग्या. काकू म्हणाल्या, "बडग्या म्हणजे बडा माणूस, हो ना? माझ्या अद्वैतला बडा माणूस केलंत तुम्ही? फेटा बांधून?"

फेटा म्हणजे ते कान.

परडीत जेवढी फुलं होती तेवढी त्याइनं बांबूले खोचली. झेंडूची माळ होती देवासाठी, ती बडग्याच्या गळ्यात घातली. मंग त्या रडायले लागल्या. आवाज नाई केला. पदर तोंडाले लावला. म्हणाल्या, बारा दिवस झाले, घरात कोणी बोलायला नाही.

तेवढ्यात मामा चपलांचा हार घेऊन बाहेर. मामानं काकूले पायलं, माळ पायली, माह्याकडं पायलं. हार मागं लपवला. काकू म्हणाल्या, "मथुराभाऊ, बडग्या म्हणजे बडा माणूसच ना?"

मामा म्हणे, "हव वहिनी. तसंच."

काकूनं विचारलं, कोणी काढलं. सगळ्याइनं माह्याकडं पायलं. माह्यं नाव सांगायले फक्त पाच अक्षरं लागते. मी जमीन पायली. मामाच बोलले, "ह्यानं. आपल्या स्टिल लाइफनं." काकू म्हणाल्या, तू अद्वैतचा मित्र का रे? अन पुठ्ठा काढून घेऊन गेल्या. म्हणाल्या उद्या सकाळी पोहे खायला ये.

बडग्या बिनडोक्याचा निघाला. पोट्टे ओरडून राहिले, "खासी खोकला घेऊन जाय री मारबत." मी मागं मागं चाललो. नाल्यापाशी मामानं हळूच चपलांचा हार आगीत टाकला अन मले म्हणे, "आता घरी जाऊन झोप बे."

दिवसभर ज्यानं त्यानं विचारलं, अद्वैतचा मित्र तूच का. स्टिल लाइफ गेलं, हे आलं.

२४ ऑगस्ट, रविवार

पोहे खायले गेलो, कावून की नाई गेलो तर त्याइले शक आला असता.

चित्र समोरच्या खोलीत, कॅलेंडर काढून त्या जागी. काकूनं फोन लावला, स्पीकरवर ठेवला. अद्वैतचा आवाज आला. काकूनं विचारलं, फोटो पाहिलास का. तो म्हणाला, पाहिला. मंग म्हणाला, "अमरदीपनं काढलं ना? अमरदीप कापगते. मागच्या कोपऱ्यात बसायचा."

मी पोहे खात होतो. चमचा थांबला. तीन महिन्यात घराबाहेर कोणी पूरं नाव घेतलं असेल तर ह्यानं.

काकू खूश झाल्या. म्हणाल्या, अय्या, मला नावच माहीत नव्हतं. लगेच मार्कर आणला अन चित्राखाली पुठ्ठ्यावर लिवलं. अमरदीप कापगते. मोठ्ठं. सोफ्यावरून वाचता येते असं. मी जसं ठरवलं होतं तसंच.

फोनवर अद्वैत बोलतच होता. बडग्या म्हणजे काय ते त्याले माहीत असणारच, लहानपणापासून मामाच्या मारबतीमागं ओरडताना मी पायलं आहे. आईले सांगतलं नाई. फक्त म्हणे कान भारी आहेत. भुवई पकडली म्हणे, ती आजपर्यंत कोणी पकडली नव्हती. अन मंग म्हणाला, "त्याला सांग, नाकाखाली निळा जास्त झाला. मिशीसारखा दिसतो."

फोन कटला.

मी उठून चित्रासमोर उभा राहिलो. म्हटलं, खोटारडा. दुश्मन आहे, तो असंच बोलणार. जवळून पायलं. दूरून पायलं. एक डोळा बंद करून पायलं.

जास्त झाला आहे. निळी मिशी आहे.

मी बोललो. खरंच तोंडातून बोललो. "काकू, एक दिवसासाठी उतरवून देता का?"

काकू दचकल्या. म्हणाल्या, अगं बाई, तू बोलतोस होय. मंग म्हणाल्या, छे छे, आता हात नाही लावायचा, उद्याच फ्रेमला देते. परवा संध्याकाळी काचेत बसून येईल. बुधवारी गणपती बसतील, दीड दिवस अख्खा सेक्टर दर्शनाला येतो, सगळ्यांना दाखवीन.

पोहे दुसऱ्यांदा वाढले. खाल्ले.

आता संध्याकाळ. काकूच्या घरात लाइट लागला आहे, आमच्या ढाब्यावरून खिडकीतून चित्र दिसते. निळी मिशी बी दिसते.

नाव बी वाचता येते.